अण्णांची लाल वही: वडील गेल्यावर आधी देणी फेडायची की आधी वाटणी?

साखरपेठी
नमस्कार मंडळी. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन अडीच महिने झाले. रात्री छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. घर सोलापुरात पूर्व भागात, मागच्या शेडमध्ये टॉवेलचे आठ माग. दक्षिण तालुक्यात अडीच एकर कोरडवाहू. मी पुण्यात नोकरीला, धाकटी बहीण गुलबर्ग्याला दिली आहे, आई घरी विड्या वळते. मृत्युपत्र नाही.

तेराव्यानंतर कपाटात एक लाल वही सापडली. अण्णा सगळं मनात ठेवणारे, पण पैशाचं मात्र लिहून ठेवायचे. मागांसाठी काढलेलं बँकेचं कर्ज ६ लाख ४० हजार बाकी, त्याला घर गहाण. दोन सूत व्यापाऱ्यांची मिळून २ लाख ८५ हजार उधारी. गावच्या सोसायटीचं पीककर्ज ७० हजार. मित्रांकडून हातउसने १ लाख १० हजार, कागद काहीच नाही. आणि एक गृहस्थ, अण्णांच्या जुन्या ओळखीचे, दहाव्यालाच येऊन सांगून गेले की पाच वर्षांपूर्वी दीड लाख दिले होते, शेकडा तीनने सव्वाचार लाख झाले. त्यांच्याकडे अण्णांच्या सहीचा कोरा चेक आणि स्टॅम्पपेपर आहे म्हणे.

शिवाय एक ओळ अजून उलगडलेली नाही: 'जॉ. जा. ३ ल.' पुढे तारीख नाही, व्याज नाही. आईलाही माहीत नाही.

चुलते म्हणतात आधी घर-शेत नावावर करून घे, मग बघू. आई म्हणते आधी लोकांचे पैसे, मग नावं. बहीण म्हणते दादा तू ठरव. मला काहीच ठरवता येत नाहीये. ज्यांच्यावर हे गुदरलंय त्यांनी सांगा.

जुळे_सोलापूरकर
आधी सांत्वन. दहाव्याला येऊन पैसे मागणाऱ्याला मात्र कोपरापासून नमस्कार.

शेंगाचटणी
'जॉ. जा.' म्हणजे जॉनी जाधव का बे? पूर्व भागात असा कोणी असला तर मला भेटायचंय.

(हलके घ्या साखरपेठी. अण्णांना श्रद्धांजली.)

भीमाकाठ
यात विचारायचं काय आहे? बापाचं कर्ज पोराला फेडावंच लागतं. पितृऋण म्हणतात ते उगाच नाही. हिंदू कायद्यातच आहे ते.

काळाकोट
भीमाकाठ, कायद्यात होतं. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून केवळ 'मुलाचं पवित्र कर्तव्य' एवढ्याच आधारावर बापाचं कर्ज मुलाकडून वसूल करता येत नाही. त्याआधी काढलेलं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. साखरपेठींची सगळी देणी अलीकडची दिसतात.

जरा सविस्तर लिहितो. (वकीलपत्र घेतलेलं नाही, कागद पाहिलेले नाहीत. तिथला वकील गाठाच.)

कर्ज मुलावर नसतं, मागे राहिलेल्या मालमत्तेवर असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारस जबाबदार असतो तो मयताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरताच. तुमचा पुण्याचा पगार, तुमचा फ्लॅट, आईचा विडी कारखान्यातला पीएफ, याला अण्णांच्या देणेकऱ्यांपैकी कोणी हात लावू शकत नाही. घर, माग, शेत, अण्णांच्या खात्यातली शिल्लक, त्यांची बाजारातली येणी, हे सगळं मात्र देण्याला बांधलेलं.

आता चुलते बरोबर की आई? दोघंही अर्धे. मालकी वारसांकडे त्याच क्षणी येते, सातबाऱ्यावर नाव लागणं ही महसुली नोंद, तिच्यासाठी देणी फिटायची वाट बघावी लागत नाही. उलट नोंद वेळेत घाला, कायद्यात ३ महिन्यांत कळवायचं आहे. पण नाव लागलं म्हणून देणं सुटत नाही. गोची पुढे आहे: समजा तुम्ही शेत विकलं, पैसे तिघांत वाटले आणि नंतर देणेकरी कोर्टात गेला. मग 'आलेला पैसा कुठे गेला' याचा हिशोब वारसाला द्यावा लागतो, तो देता आला नाही तर तेवढ्या रकमेला तो स्वतःच्या खिशातून जबाबदार. म्हणून आजपासून एक नवी वही घाला. अण्णांचं काय आलं, अण्णांसाठी काय गेलं, पावतीसकट.

क्रमाचं म्हणाल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्ये मृत्युपत्राच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकासाठी एक क्रम दिलाय: आधी अंत्यसंस्कार आणि आजारपणाचा खर्च, मग कोर्टकचेरीचा, मग कामगार-नोकरांची शेवटच्या ३ महिन्यांपर्यंतची मजुरी, मग बाकी सगळे सारख्या प्रमाणात. तुमच्याकडे असा व्यवस्थापक कोणी नाही, तरी क्रम डोक्यात ठेवायला चांगला आहे. घर गहाण असलेली बँक या रांगेत उभी राहत नाही, तिचा हात तारणावर आहेच.

कन्नाचौक
वाचनखूण साठवली. काळाकोट, दंडवत.

तिरकस
म्हणजे कायद्याने बाप गेला की पोरगा मोकळा. छान. चादर झटकावी तसा.

काळाकोट
तिरकस, परत वाचा. मोकळा नाही, मर्यादित. घर-शेत घ्यायचं आणि देणं नाही म्हणायचं, असं होत नाही.

माहेरवाशीण
साखरपेठी, तुमची बहीण 'दादा तू ठरव' म्हणते हे वाचून पोटात गोळा आला, कारण मीही तेच म्हणाले होते.

माझे वडील बार्शीकडचे. गेले तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, आबांवर फार कर्ज आहे, तुझ्या सासरपर्यंत वसुलीवाले येतील, तू हक्कसोड करून टाक म्हणजे सुटशील. मी घाबरून सही केली. दुय्यम निबंधकासमोर अंगठा, फोटो, सगळं. नंतर कळलं कर्ज होतं तीन लाखांचं आणि रस्त्याकडेची जमीन विकली चाळीस लाखांना. आज भाऊबीजेला जाते मी, ओवाळते पण. पण पाटावर बसलेल्या भावाकडे बघताना दरवेळी तो कागद आठवतो.

मुलगी, मुलगा, आई तिघांचा वाटा सारखा. देणंही त्या वाट्याच्या मर्यादेतच. तिला वही दाखवा. सगळी पानं. मग ती सोडते म्हणाली तर तिची मर्जी.

साखरपेठी
ताई, कालच सगळ्या पानांचे फोटो तिला पाठवले. तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरला खरा. चुलत्यांनी हक्कसोडीचा विषय काढला होता, इथे लिहिला नव्हता.

भीमाकाठ
कायदा बदलला ते माहीत नव्हतं, मान्य. पण माणूस बदलला का? आमच्या आजोबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी थोरले काका पुढे झाले आणि हात जोडून मोठ्यांदा म्हणाले, 'बापू, दुकानदाराचे, सोसायटीचे, सगळ्यांचे पैसे देतो, काळजी करू नका.' दोन मिनिटांत कावळा आला. डोळ्यांनी बघितलंय.

काळाकोट
काकांचं नशीब. मुदत वाढायला कबुली लेखी लागते. कावळ्यासमोर दिलेली चालत नाही.

शेंगाचटणी
कावळ्याने सही केली असती तर?

जुळे_सोलापूरकर
साक्षीदार म्हणून चालला असता. 😄

काळाकोट
हसण्यावारी नेऊ नका, साखरपेठींसाठी यात महत्त्वाचा मुद्दा आहे. साध्या उसनवारीच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची. त्या मुदतीच्या आत देणेदाराने, किंवा त्याच्या जागी आलेल्या वारसाने, 'देणं आहे' असं सहीने लिहून दिलं की मुदत नव्याने सुरू होते. हप्ता देऊन तशी लेखी नोंद स्वतःच्या हातची असली तरी तेच. मुदत उलटून गेल्यावर 'मी देईन' असं सहीनिशी लिहून दिलंत, तर तो नवा करार धरला जाऊ शकतो, आणि तो तुमचा, अण्णांचा नव्हे. म्हणून त्या दहाव्याला आलेल्या गृहस्थांनी 'नुसतं लिहून दे, पैसे सवडीने दे' म्हटलं तर सही करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो काका देतो' हेही लिहू नका.

त्यांचं बाकी. शेकडा तीन म्हणजे महिन्याला, वर्षाचे झाले छत्तीस टक्के. हा सावकारीचा धंदा असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. परवाना आहे का ते सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळेल, तक्रार करायची तर जिल्हा उपनिबंधकांकडे. कोऱ्या चेकची भीती बाळगू नका. खातेदार मयत म्हणून तो परत येईल, आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटला वारसांवर चालत नाही.

साखरपेठी
आई सांगते, टाळेबंदीपर्यंत अण्णा त्यांना दर महिन्याला साडेचार हजार द्यायचे. वहीत तेवढे आकडे आहेत. म्हणजे मुद्दल तसंच, नुसतं व्याज गेलं.

तिरकस
मग त्या माणसाला दीडदमडी देऊ नका. झालं.

वहीतला_पलीकडचा
पहिल्यांदाच लिहितोय. मी तुमच्या वहीच्या पलीकडच्या बाजूचा. आमचा सुताचा धंदा. वडील गेले तेव्हा त्यांचं बाजारात अकरा लाखांचं येणं होतं, बहुतेक छोटे मागवाले. त्यातले चारजण मधल्या काळात वारलेले. तिघांची मुलं म्हणाली, 'आम्हाला काही माहीत नाही, लेखी आहे का?' लेखी म्हणजे आमची खतावणी, त्यांची सही नाही. गेले पैसे.

चौथ्याची बायको विडी घरकुलात राहते. दर महिन्याला बसने येऊन पाचशे रुपये द्यायची. तीन वर्षं. मुदत केव्हाच संपली होती, तिला मी सांगितलंही. ती म्हणाली, मला मुदत सांगू नका, किती राहिले ते सांगा. मी घेतले ते पैसे. इथे कोणी म्हणेल माफ करायला हवे होते. पण आमच्यावरही गिरणीची उधारी होती, वडिलांच्याच नावची. आम्हीही कोणाच्या तरी वहीत होतोच.

साखरपेठी, सावकाराचं तुम्ही काय करायचं ते करा. पण सूतवाल्याला लवकर भेटा. निम्मे आत्ता, निम्मे माल विकून असं सांगितलंत तर तो ऐकेल. न भेटता राहिलात तर बाजारात दुसऱ्या दिवशी कळतं आणि मग शेड चालवायला सूत कोणी देत नाही.

तिरकस
वर चादर झटकण्याचा विनोद केला होता. परत घेतो.

पार्कचौकातला
अवांतर: साखरपेठी, फॅक्टरी रेटमध्ये टॉवेल मिळतील का? आणि खरी सोलापुरी चादर ओळखायची कशी? मागच्या वेळी 'सोलापुरी' म्हणून घेतली ती पानिपतची निघाली.

कन्नाचौक
अहो, माणसाचे वडील गेलेत.

साखरपेठी
असू द्या कन्नाचौक, अण्णांनी असल्या प्रश्नाला अर्धा तास उत्तर दिलं असतं. टॉवेलचा साठा आहे शेडमध्ये, तोही मालमत्तेत मोडतो म्हणे, नव्या वहीत नोंद करून विकेन. व्यक्तिगत निरोप करा.

मंगळवेढ्याची_ज्वारी
बँकेत गेलात का? आमच्या सासऱ्यांच्या कर्जाबरोबर विमा उतरवला होता, घरात कोणालाच माहीत नाही. कर्ज देताना हप्ता कापून घेतलेला. आम्ही वर्षभर हप्ते भरत बसलो. पासबुकात पहिल्याच महिन्यात एक वेगळी कपात दिसली म्हणून नणंदेने विचारलं तेव्हा कळलं. कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा मागा, तोंडी 'नाही' ऐकून येऊ नका.

अजून एक. अण्णांनी एलआयसी आईच्या किंवा तुमच्या नावे विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली काढली असेल तर ती रक्कम देणेकऱ्यांना मिळत नाही. पॉलिसीच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. आणि बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नंतर भांडणं होतात.

जुळे_सोलापूरकर
+१. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. कागद हातात आले की मिळकतपत्रिकेवरचा बोजा कमी करून घ्या, लोक हे विसरतात आणि दहा वर्षांनी घर विकताना धावपळ करतात. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसेल, तिथेही तेच.

शेंगाचटणी
हा धागा वाचून मी आज बाबांना विचारलं, तुमची देणी किती आहेत. त्यांनी विचारलं, तू कधी जाणार आहेस पुण्याला परत.

निवृत्त_रोखपाल
तीन दिवस नुसता वाचतोय. तीस वर्षं एका पतसंस्थेत कर्जविभागात काढली, म्हणून ती 'जॉ. जा.' वाली ओळ डोक्यातून जाईना.

ते देणेकऱ्याचं नाव नसावं. तारीख नाही, व्याज नाही, हप्त्याच्या नोंदी नाहीत. जो माणूस साडेचार हजाराचं व्याजसुद्धा लिहितो तो तीन लाखांच्या कर्जाला तारीख लिहीत नाही, असं होईल का? आमच्याकडे मालक लोक असंच टिपून ठेवायचे. 'जा.' म्हणजे जामीन. 'जॉ.' म्हणजे तुमच्या शेडचा जॉबर, माग सांभाळणारा मुकादम, तर नव्हे?

शेंगाचटणी
जॉनी जाधव गेला. काका, साष्टांग.

काळाकोट
रोखपालकाका, हे मला सुचायला हवं होतं. साखरपेठी, लगेच तपासा. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि आधी घेतलेल्या कर्जापुरती ती त्याच्या मृत्यूने संपत नाही, मालमत्तेवर येते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन जामीनदाराच्या वारसांपर्यंत येऊ शकते. अशी देणी कुठल्याच हिशोबात दिसत नाहीत, कोणी थकेपर्यंत.

कन्नाचौक
म्हणजे वाटणी झाल्यावर पाच वर्षांनी नोटीस. बाप रे.

साखरपेठी
मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. सोलापूरलाच होतो.

आधी बँक. विमा निघाला नाही, उतारा सुरुवातीपासून पाहिला. हप्ते चालू ठेवायचे ठरलं, कर्जाला वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागतील. कामगारांची दोन आठवड्यांची मजुरी राहिली होती, ती पहिल्यांदा दिली. त्यांच्यावर अण्णांची ५५ हजार उचल आहे, ती कामातून फिटेल तशी फिटेल. शेड सध्या आई आणि जॉबरकाका बघतात. सूतवाल्यांना भेटलो. एकाने निम्म्यावर ऐकलं. दुसरा म्हणाला, अण्णांनी मला कधी तारीख चुकवली नाही, तू दिवाळीला दे. हातउसने देणारे तिघे मित्र, त्यांची नोंद फक्त अण्णांच्या वहीत, दोघांना तर आकडासुद्धा आठवत नव्हता. ते देणार. बहिणीनेच सांगितलं, दादा, हे पहिले.

दहाव्याला आलेल्या काकांना वही दाखवली. साडेचार हजारांच्या सगळ्या ओळी. मुद्दल दीड लाख, त्यातून आतापर्यंत गेलेलं वजा करून जे उरेल त्यावर बोलू, नाहीतर उपनिबंधक कार्यालयात बोलू, असं म्हटलं. काहीही लिहून दिलं नाही. चहा पूर्ण न घेता गेले. पुन्हा आलेले नाहीत.

तिरकस
चहा कोणाच्या खात्यावर टाकला? मयताच्या की वारसाच्या?

काळाकोट
किरकोळ खर्चात. पावती ठेवा.

निवृत्त_रोखपाल
आणि जामीन?

साखरपेठी
तेच लिहायला बसलो होतो. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

मी जॉबरकाकांना सरळ विचारलं. ते गप्प झाले. काही न बोलता सायकलवरून घरी गेले. मला वाटलं, गेला माणूस, आता पतसंस्थेची नोटीसच येणार. पाऊण तासाने परत आले, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कर्जाचं पासबुक. घर बांधायला तीन लाख काढले होते, अण्णा जामीन. आता ८४ हजार राहिलेत. मी एकेक पान उलटून बघितलं, टाळेबंदीच्या महिन्यांतसुद्धा हप्ता आहे.

विचारलं, काका, तेव्हा माग बंद होते, तुम्ही कुठून भरलात? म्हणाले, मी नाही, मालकांनी भरले. ते वहीत नाही का?

वहीत नाही.

कन्नाचौक
...

निवृत्त_रोखपाल
पतसंस्थेत जाऊन जामीनदार बदलून घ्यायला सांगा. एवढं कमी कर्ज उरलंय, दुसरा जामीन सहज मिळेल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

साखरपेठी
सोमवारी जातोय काका. मीच जामीन राहतो म्हणालो तर जॉबरकाका नको म्हणतायत.

माहेरवाशीण
आणि नावं?

साखरपेठी
ताई, तिघांची टाकली. फेरफाराची नोटीस निघालीय, १५ दिवस थांबायचं. हक्कसोड नाही.